मदत हवी आहे: चंद्रावरची पहिली वस्ती ध्रुवावर असावी की लाव्हाच्या नळीत?

मंगळापर्यंत संदेश पोहोचायलाच 3 ते 22 मिनिटे लागतात, त्यामुळे पहिली वस्ती चंद्रावरच व्हावी, असे माझे ठाम मत आहे. अडते ते जागेपाशी. दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराच्या काठावर वर्षातला बराच काळ ऊन असते आणि तळाच्या कायमच्या अंधारात बर्फ असण्याची शक्यता आहे, परंतु सुमारे 4 किलोमीटर खोल उतरून तो वर आणायचा कसा? मारियस टेकड्यांजवळ 2009 मध्ये आढळलेल्या खड्ड्यातून लाव्हाच्या नळीत, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या भुयारात, शिरता आले, तर किरणोत्सारापासून आसरा मिळेल. रात्र मात्र चौदा दिवसांची. चांद्रयान-3 च्या उपकरणाला तापलेल्या पृष्ठभागाखाली अवघ्या 8 सेंटिमीटरवर उणे 10 अंश सेल्सिअस तापमान आढळले होते, इतकी चंद्रावरची माती उष्णता अडवते. ध्रुवावरच घरांवर माती रचली, तर किरणोत्सार रोखायला किती जाड थर लागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.