मदत हवी आहे: कोंबड्यांच्या जातींचे गट नेमके कसे पाडायचे?

मंडळी, कोंबड्यांच्या जातींचा एक तक्ता करायला घेतलाय आणि पार गोंधळ उडालाय.

सुरुवात सोपी वाटली. अंड्यांसाठी लेगहॉर्न, मांसासाठी कॉर्निश, दोन्हींसाठी प्लायमाउथ रॉक. मग १८७४ पासून निघणारी अमेरिकन मानकं (जातींच्या अधिकृत वर्णनांचं पुस्तक) पाहिली. तिथे मोठ्या कोंबड्यांचे गट प्रदेशावरून: अमेरिकन, आशियाई, इंग्लिश, भूमध्यसागरी, कॉन्टिनेंटल (युरोपच्या मुख्य भूमीवरच्या), आणि कुठेच न बसणाऱ्यांसाठी 'इतर'. ठीक. पण ऑस्ट्रेलियात तयार झालेली ऑस्ट्रालॉर्प इंग्लिश गटात! बहुधा ती ऑर्पिंग्टन या इंग्लिश जातीपासून आली म्हणून. ब्रह्मा तर अमेरिकेत घडली, तरी आशियाई, कारण मूळ पक्षी शांघायहून आलेले. म्हणजे गट जन्मस्थळावरून की वंशावरून?

बँटमचं, म्हणजे छोट्या आकाराच्या कोंबड्यांचं, तर वेगळंच. तिथे प्रदेश नाही. तुरा एकेरी (उभा, दातेरी) की गुलाबतुरा (रुंद, चपटा), पायांवर पिसं आहेत की नाहीत, हे बघतात. ब्रिटनमध्ये पुन्हा कठीण (अंगाला घट्ट बसणाऱ्या) पिसांच्या आणि मऊ पिसांच्या, आणि मऊ पिसांच्यात जड-हलक्या. डोकं गरगरतं.

जात आणि उपप्रकार यांतला फरक मी असा समजलोय: शरीराची ठेवण बदलली तर जात वेगळी, नुसता रंग किंवा तुरा बदलला तर उपप्रकार. बरोबर आहे ना? मग एकेरी तुऱ्याची आणि गुलाबतुऱ्याची लेगहॉर्न एकाच ओळीत लिहू की दोन?

आणि मुख्य म्हणजे, तक्त्याचा पहिला रकाना कशाचा ठेवू, प्रदेशाचा की उपयोगाचा? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.