युगांडातली तीन आठवड्यांची सोनोग्राफी : सेवा की सहल?

चिमटा
परवा 'सोनोवाली' यांचा लेख वाचला. युगांडात मसाका शहराच्या पुढे एका खेड्यातल्या हेल्थ सेंटर थ्रीमध्ये (आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणा) स्वखर्चाने तीन आठवडे, २१२ गरोदर बायकांची सोनोग्राफी, शेवटी 'द्यायला गेले आणि घेऊन आले', आणि खाली लाल मातीतल्या पोरांबरोबर फोटो. प्रतिसादांत सगळ्यांचे डोळे पाणावलेले. माझेही पाणावले, कारण वेगळं होतं.

मी कंपालात सहा वर्षं एक्स-रे आणि सोनोग्राफी मशिनांचा सर्व्हिस इंजिनियर होतो. स्वयंसेवक विमानात बसले की दवाखान्यातून जो फोन येतो, तो मला यायचा. एका ठिकाणी अमेरिकेतून दान आलेलं मशीन. तिकडे १२० व्होल्ट, युगांडात २४०. पाहुण्यांपैकी कुणीतरी उत्साहात पिन बदलून सरळ सॉकेटमध्ये खुपसली. धूर निघाला, पाहुणे हळहळले, मशीन आजतागायत तिथेच आहे. त्यावर लसीकरणाची रजिस्टरं ठेवतात. दुसरीकडे एक्स-रे होता, पण अर्थिंगच नव्हतं. गरीब देशांतली सुमारे ४०% वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली असतात, असं २०११ च्या एका पाहणीत आलं होतं. मला आकडा कमीच वाटतो.

ताई, एकच प्रश्न. चौथ्या आठवड्यात प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, कुणी धरला? लेखात तिथल्या मिडवाइफबद्दल 'गोड हसायची' याखेरीज एक अक्षर नाही. कंपालात मेंगो हॉस्पिटलच्या आवारात अर्नेस्ट कुक यांच्या नावाची संस्था आहे, तिथे सोनोग्राफर तयार होतात. तुमच्या तिकिटाच्या पैशांत त्या गोड हसणाऱ्या बाईंच्या शिक्षणाला हातभार लागला असता.

सोनोवाली
चिमटा, फोटो चार होते. तुम्हाला पोरांचाच दिसला.

२१२ पैकी ६ जुळी निघाली आणि २ बायकांची वार खाली, बाळाच्या वाटेत होती. एकीला चौतिसावा आठवडा. आदल्या आठवड्यात थोडं रक्त गेलं होतं, पण 'होतं असं' म्हणून ती शेतावर गेली होती. तिला गाडी करून मसाकाला पाठवलं, सिझर झालं, बाळ-बाळंतीण घरी आले. आता तिला जाऊन सांगा, की अर्थिंग नव्हतं म्हणून मी यायला नको होतं.

आणि मी तिथल्या कौन्सिलचं टेम्पररी रजिस्ट्रेशन काढून गेले होते. कागद हवा असेल तर पाठवते.

निगेटिव्ह प्लेट
एका बाईची गोष्ट ऐकली की आपल्याकडे वाद संपतो. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला अशा पाच देशांत मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. खेड्यांतल्या नर्सेस-मिडवाइफना शिकवून गरोदरपणात सोनोग्राफी दिली. त्याने ना दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, ना मृत्यू घटले. निदान झालं, पण पुढे गाडी नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही, तर पडद्यावर दिसून काय उपयोग?

सोनोवाली
गाडीचे पैसे मी दिले. तुमच्या चाचणीत तो रकाना नसेल.

चिमटा
म्हणजे तिला तुमच्या पाकिटाने वाचवलं. मग मी वेगळं काय म्हणतोय?

फॉर्म एफ पीडित
ताई, तुमचा हेवा वाटतो. हातातला प्रोब पर्समध्ये टाकून युगांडाभर फिरलात. हेच जत तालुक्यात करून दाखवा! आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, आहे. पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर न्यायचं म्हटलं तर मोबाइल मेडिकल युनिटखेरीज सोय नाही. मला सांगलीहून ६० किलोमीटरवर आठवड्यातून एकदा फुकट सोनोग्राफी करायची होती. वकील म्हणाला, डॉक्टर, पुण्य करायचं तर देवळात करा.

२०१३ मध्ये माझं मशीन सील झालं. कारण? एका फॉर्म एफवर, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याने भरावा लागणाऱ्या फॉर्मवर, रेफर करणाऱ्या डॉक्टरचा पत्ता अर्धवट. अकरा महिने! पुढे निर्दोष सुटलो, पण गावात 'तो मुली मारणारा' हे नाव राहिलंच. लोक आफ्रिकेत का जातात विचारता? इथे हात बांधलेत म्हणून.

बीडची लेक
हात बांधावे लागले, कारण ते हात काय करत होते हे आम्ही पाहिलंय. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. अख्ख्या महाराष्ट्रात ८९४. उरलेल्या त्याआधीच्या सहा-सात वर्षांत मशिनापायीच गेल्या. माझ्या चुलतीला तीन वेळा 'तपासायला' नेलं. तिसऱ्यांदा ती परत आली ती वेगळीच बाई होती. नेणारी गाडी घरची आणि मशीन एका सज्जन डॉक्टरचं. तुमचा पत्ता अर्धवट होता, तिचं आयुष्य अर्धवट राहिलं.

फॉर्म एफ पीडित
चुलतीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तिचा गुन्हेगार मी नाही. परळीत २०१२ मध्ये स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं त्याची शिक्षा सांगलीतल्या माणसाने किती वर्षं भोगायची? कायदा १९९४ चा, मशीन आज फोनला जोडलं जातं. २०१६ मध्ये देशभरचे रेडिओलॉजिस्ट संपावर गेले ते हौसेने नव्हे.

बीडची लेक
फोनला जोडलं जातं म्हणूनच जास्त भीती. पूर्वी निदान खोली तरी शोधता यायची.

तिरपागडा
मी शेंगदाणे घेऊन बसलोय. युगांडाचं काय झालं?

चिमटा
होय, पीसीपीएनडीटीचा वेगळा धागा काढा की! दर वेळी सोनोग्राफी म्हटलं की हेच. मुद्दा मसाकाचा चालू होता.

बीडची लेक
मुद्दा तुम्ही ठरवणार का? बायकांच्या पोटाबद्दल बोलताय तर बायका बोलणारच.

चिमटा
बरं बाई. बोला.

मडगांवकार
अवांतर, पण आफ्रिकेत डॉक्टरकी करायला जाणारे आपल्याकडचे काही आजचे नाहीत. १९०० मध्ये नैरोबीत आमचे गोव्याचे डॉक्टर रिबेरो दवाखाना थाटून बसले होते, झेब्र्यावर बसून व्हिजिटला जायचे. १९०२ मध्ये बाजारात प्लेगचे पेशंट ओळखून सरकारला कळवणारे तेच. त्यांनी फी घेतली, तिथेच राहिले. तीन आठवड्यांत झेब्रासुद्धा माणसाळत नाही.

सोनोवाली
झेब्र्याचं जमवते पुढच्या वेळी.

आता गंभीरपणे. बाहेरच्यांनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी मलावी बघावं. ब्लांटायरच्या सरकारी हॉस्पिटलात २००८ मध्ये एमआरआय आलं, ०.३५ टेस्लाचं, म्हणजे दुबळ्या चुंबकाचं, आपल्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही असं. त्यावर मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांचे स्कॅन झाले आणि मरणाऱ्या मुलांचा मेंदू प्रचंड सुजलेला असतो हे २०१५ मध्ये जगासमोर आलं. ते स्कॅन वाचणाऱ्यांत बाहेरचेही होते.

चिमटा
तुम्हीच माझी बाजू मांडताय. त्या कामामागच्या अमेरिकन डॉक्टर टेरी टेलर यांनी दशकानुदशकं वर्षातले सहा-सहा महिने ब्लांटायरमध्ये काढले. आणि ब्लांटायर शहर आहे, खेडं नव्हे.

शिवाय वाचायला विमान कशाला लागतं? मिडवाइफने पोटावरून ठरलेल्या रेषांत प्रोब फिरवायचा, क्लिपा पाठवायच्या, लांबच्या डॉक्टरने वाचायच्या, हे युगांडातच करून झालंय. आपल्यात नि त्यांच्यात अडीच तासांचा फरक. पुण्यात बसून रात्री जेवणानंतर वाचा. पण त्यात लाल माती येत नाही.

सोनोवाली
हे शेवटचं वाक्य खोडसाळ आहे. मी तिथे दोनदा हिवतापाच्या गोळ्या खाल्ल्या आणि जेल संपल्यावर स्वयंपाकघरात कॉर्नस्टार्च शिजवून जेल केलं. सहल अशी नसते.

मिडवाइफचं मात्र लागलं. पहिले दहा दिवस ती माझ्या बाजूला उभी राहून फक्त नावं लिहीत होती. मी प्रोब तिच्या हातात दिला तो अकराव्या दिवशी, तेही माझी पाठ धरली म्हणून. मी गेल्यावर एक महिना तिने केलं. मग प्रोब ज्यावर चालतो त्या ॲपचं वर्षाचं सदस्यत्व संपलं. ज्या ट्रस्टने प्रोब दिला होता त्यांनी भरलं नाही. हे लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग शेवटचं वाक्य बसलं नसतं.

निगेटिव्ह प्लेट
धाग्यावरचा पहिला पुरावा.

फॉर्म एफ पीडित
निदान तिथे कुणी सील तर लावलं नाही.

बीडची लेक
दादा, झोपा आता.

चिमटा
सदस्यत्वाचं ऐकून राग आला, पण तुमचा नाही. आधी खडूस बोललो ते अर्धं मागे घेतो. अर्धंच.

सोनोवाली
उरलेलं अर्धं ठेवा जवळ. फेब्रुवारीत परत जातेय, सहा आठवडे, मिडवाइफला आधी मेंगोत पाठवून. एक जुनं कार्ट मशीन, चाकांच्या गाड्यावरचं, पण मिळतंय. काय बघून घेऊ?

चिमटा
मागच्या पत्र्याच्या प्लेटचा फोटो पाठवा, व्होल्टेज वाचता येईल असा. त्याआधी 'हो' म्हणू नका. आणि पास-की, म्हणजे पासवर्ड, मागणारा कुठलाही मेनू असेल तर तो पास-की लेखी घ्या.

तिरपागडा
शेंगदाणे संपले.