पूररेषेतलं गाव: ठराव करून वर सरकायचं की नदीकाठीच राहायचं?

वरचा_माळ (धागाकर्ता)
2005, 2019, 2021. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठचं कुठलंही गाव घ्या, भिंतीवर या सालांच्या पाण्याच्या खुणा सापडतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं कागद सांगतो. आम्ही 16 वर्षांत तीनदा घरं रिकामी केली. दर वेळी तेच: दप्तर गाठोड्यात बांधून माळ्यावर, जनावरं माळावर, माणसं शाळेत. पाणी उतरलं की पंचनामा, सानुग्रह अनुदान, आणि त्याच जागी त्याच पांढऱ्या मातीची भिंत पुन्हा उभी.

माझं म्हणणं एवढंच, की मुंबईहून पुनर्वसन येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. ग्रामसभेनं ठराव करावा: निळ्या रेषेच्या आत नवीन घराला परवानगी नाही. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, दूध संकलन, नळपाणी योजनेच्या मोटारीचं पॅनेल, जे जे नव्यानं बांधायचं ते उंचावर. जुनं कुणाचं पाडू नका. दहा-पंधरा वर्षांत गाव आपोआप वर सरकेल.

मळीतला
ठराव करायला काय, सरपंचानं वाचायचा आणि हात वर. मळीची रानं खाली आहेत दादा, ऊस खाली आहे, गोठा खाली आहे. घर तीन किलोमीटर माळावर नेलं तर पहाटे चारला धारा काढायला कोण जाणार? रात्री म्हैस व्यायला झाली तर? पूर येतो दहा-बारा दिवस. बाकीचं वर्ष जगायचं कुठं ते सांगा.

आणि पाणी नवं नाही आम्हाला. नृसिंहवाडीत पाणी देवळात चढलं की दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबून येतात. आमचे आजे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं काढायचे. तेव्हा पाणी चढायचं तसं उतरायचं. आता तुंबतं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग 2019 ला बंद पडला, 2021 लाही पडला. रस्त्यांचे भराव धरणाच्या भिंतीगत आडवे टाकलेत. खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण 519.60 मीटरला भरतंय, वर कर्नाटकाला ते 524.256 पर्यंत न्यायचंय. आधी ते हलवा, मग गाव हलवायचं बोला.

दप्तरी
भरावाचं पटतं. जुन्या ओढ्यावर चार नळ्या टाकून वर रस्ता केला की पाणी मागं सरणारच, त्याला तज्ज्ञ लागत नाही.

अलमट्टीवर मात्र जरा दमानं. 524.256 ची मुभा दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादानं 2010 मध्ये दिली, ती उंची अजून प्रत्यक्षात आलेली नाही. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या महापुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. तुम्हाला अहवाल मान्य नसेल, तालुक्यात बऱ्याच जणांना नाही. पण धरण नसतं तरी आपल्याकडे नदीला उतार किती? सांगलीच्या खाली कृष्णा जवळजवळ सपाट चालते. वर हरिपूरजवळ वारणा मिळालेली असते, नृसिंहवाडीला पंचगंगा. कोयनेचे दरवाजे उघडलेले असताना राधानगरीचे स्वयंचलित दरवाजेही उघडले, की कृष्णा पंचगंगेचं पाणी घेत नाही आणि फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, थेट मागं येते. ऑगस्टमध्ये हे कुठल्याही राजवटीत होणार.

शिवाय अलमट्टीचा प्रश्न दोन राज्यांचा आहे. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे, तर गावठाणातल्या बांधकामाची परवानगी आणि स्वतःचा आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या 40 टक्क्यांत माळावर काय उभं राहतं ते बघा. धागाकर्त्याचा ठराव बरोबर आहे, पण त्यामागं पैसा दिसत नाही.

कुरुंदवाडची_लेक
दोन्ही दादांनी म्हैस आणि मीटर मोजले. निवारा केंद्रात पाचशे माणसांत दोन संडास असतात, ते कुणी मोजले नाहीत. घरातला एक पुरुष जनावरांजवळ थांबतो, बाई पोरं आणि म्हातारी घेऊन शाळेच्या वर्गात. परत आल्यावर गुडघाभर गाळ कोण काढतं? भिजलेली जोंधळ्याची पोती, फुगलेलं कपाट, कुजलेल्या गाद्या कोण उचलतं?

मला वरचं घर चालेल. गोठा खाली राहू दे, मी सायकलीवर येईन धारेला. पण हे मत ग्रामसभेत मांडायला आमची महिला सभा आधी खरोखर घ्या. आमच्याकडे तिचं इतिवृत्त घरोघरी सह्या फिरवून तयार होतं.

मळीतला
ताई, गाळाचं खरं आहे, त्यावर मी काय बोलणार. पण प्लॉट मिळालेल्यांचं काय होतं ते बघितलंय का? माळावरचं घर भाड्यानं किंवा कुलूप, आणि माणूस परत खाली. पाणी नाही, रस्ता नाही, शेजारी नाही.

त्यापेक्षा आहे त्या जागी घर उंच करा. खाली मोकळे खांब, वर राहणं. दर गल्लीला बोट आणि जॅकेट. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला कळलं की गावाकडं धड बोटसुद्धा नसते.

वरचा_माळ
बोटी हव्यातच, त्यावर वाद नाही. पण खांबावरचं घर कुणाला परवडणार? ज्याचा पंधरा एकर ऊस आहे त्याला. आणि कुलपं लागली कारण तिथं आधी माणूस पाठवला, नळ नंतर. म्हणून तर म्हणतोय आधी अंगणवाडी, दूध संकलन आणि पाणी वर न्या. डेअरी वर गेली की माणूस बरोबर वर येतो.

शेवटची_गल्ली
पंधरा एकरवाले आणि दीड एकरवाले भांडून झाले असतील तर आमचं ऐका. आमची वस्ती सगळ्यात खाली. पाणी पात्राबाहेर पडलं की पहिलं आमच्यात. रान नाही, म्हैस नाही, त्यामुळं 'रानाजवळ राहायचंय' हे आमचं कारणच नाही. आम्ही उद्या वर जाऊ.

पण धागाकर्त्याच्या ठरावात आमचीच कोंडी आहे. नवीन घराला परवानगी नाही, म्हणजे माझ्या दोन भावांनी लग्नानंतर खोली काढायची नाही. वर जागा कुठली? गायरान म्हणाल, तर गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगणाऱ्या 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते मिळवणं किती अवघड झालंय ते तलाठ्याला विचारा. खासगी माळ विकत घ्यायचा तर ठरावाच्या दुसऱ्या दिवशी भाव दुप्पट, आणि तो माळ कुणाच्या नावावर आहे ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

दप्तरी
हा मुद्दा खरा. गायरान सार्वजनिक कामासाठी मागता येतं, पूरग्रस्तांची वसाहत त्यात बसवायची तर प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार. म्हणून ठरावाचा क्रम उलटा करा. आधी जागेची मागणी आणि मोजणी, ताबा मिळाल्यावर खालची बंदी. आणि यादी खालच्या गल्लीपासून सुरू.

मळीतला
क्रम असा असेल आणि गोठ्याला खाली हात लावणार नसाल, तर मी सभेत विरोध करणार नाही. पाठिंबाही देणार नाही. भरावाला नळ्यांऐवजी मोऱ्या पाडायची मागणी त्याच ठरावात घाला, मग बघू.

शेवटची_गल्ली
घाला. फक्त यादी नमुना 8 वरून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून करू नका. माझ्या घराची नोंद आजोबांच्या नावावर आहे आणि आत तीन चुली आहेत. उताऱ्याला एक प्लॉट देणार की चुलीला एक, ते आधी लिहून द्या. मग आमच्या गल्लीच्या सह्या घ्यायला या.