रडून लाल झालेले डोळे: बाउट्सच्या येशूचं चित्र नक्की कुठल्या प्रसंगाचं आहे?

रंगरेषा
लंडनच्या नॅशनल गॅलरीत 15व्या शतकातल्या नेदरलँड्सच्या दिएरिक बाउट्स या चित्रकाराच्या वर्कशॉपमधली दोन छोट्या चित्रांची जोडी बघितली, 1470च्या आसपासची. एकात काट्यांचा मुकुट घातलेला येशू, दुसऱ्यात हात जोडलेली त्याची आई मरिया, आणि दोघांचेही डोळे रडून रडून लाल झालेत, पापण्यांच्या कडासुद्धा. गालावर अश्रू असे की बोट लावलं तर ओलं लागेल. बाकीची एवढी मोठमोठी चित्रं सोडून मी त्या दोघांसमोरच किती वेळ उभी होते कळलंच नाही.

पण मला नीट कळलं नाही ते हे, की मागे काहीच का नाही? नुसतं सोनेरी आणि त्यावर बारीक ठिपके. शिपाई नाहीत, शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात नाही, गर्दी नाही. मग हा प्रसंग कुठला? आणि घरी येऊन शोधलं तर जवळजवळ तसाच चेहरा बाउट्सच्या मुलाच्या, आल्ब्रेख्तच्या नावावरही सापडला, एकदा नाही बऱ्याच वेळा. हे असं पुन्हा पुन्हा तेच काढणं तेव्हा चालायचं का? कुणी यावर वाचलं असेल तर सांगा, मनातून जातच नाहीये ते.

तैलरंग
प्रसंग शोधू नकोस, सापडणार नाही, कारण हे गोष्टीतलं चित्रच नाही. या प्रकारच्या काही चित्रांत येशूचे तळहात बघ, खिळ्यांच्या जखमा दिसतील. म्हणजे क्रूसावर चढवून झालंय, आणि तरी डोक्यावर काटे आहेत, डोळे उघडे आहेत, तो रडतोय. काळाच्या हिशोबात हे बसतच नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, 53व्या अध्यायात, क्लेशांनी व्यापलेल्या पुरुषाचं वर्णन आहे, ते येशूला लावून हा चित्रप्रकार घडला, सगळं दुःख एकाच देहात एकाच वेळी. पिलात, शिपाई, गर्दी काढून टाकल्यावर समोर उरतं कोण? बघणारा. तू जिथे उभी होतीस ती जागा त्या चित्राचाच भाग आहे.

मूळ मात्र नेदरलँड्सचं नाही. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, परंपरेतून अशी अर्धाकृती प्रतिमा पश्चिमेकडे आली, रोमच्या सांता क्रोचे इन जेरुसलेम्मे चर्चमध्ये तशी एक छोटी मोझेक प्रतिमा आहे, आणि लोकांची श्रद्धा अशी की पोप ग्रेगरीला मिसाच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी येशूचं जे दर्शन झालं तेच तिच्यात आहे. तिच्या नकलांपुढे प्रार्थना केली की पापांच्या शिक्षेतून सूट मिळते असंही मानत, त्यामुळे ही प्रतिमा छापील चित्रांमधून घरोघर गेली. फ्लेमिश, म्हणजे बाउट्सच्या भागातल्या, चित्रकारांनी तिच्यात काय घातलं असेल तर ते अश्रू आणि कातडी. जुन्या प्रतिमेतला येशू डोळे मिटलेला, मृत आहे. यांनी त्याला बघायला लावलं.

ब्रश धरणारा म्हणून अजून एक सांगतो. ओक लाकडाची फळी, त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा थर, आणि वर जवसाच्या तेलातले पातळ पारदर्शक रंग थरावर थर. खालचा पांढरा थर उजेड परत फेकतो म्हणून कातडी आतून उजळल्यासारखी दिसते. अश्रू म्हणजे फार काही रंगवलेलंच नसतं, गालाचा रंग तसाच ठेवून एका कडेला बारीक सावली आणि वर पांढऱ्याचा एक ठिपका. मी कितीदा प्रयत्न केलाय, ठिपका केसभर जाड झाला की अश्रूचा मणी होतो.

पानगळ
तैलरंग यांनी लिहिलं ते पटलं पण मला अशी चित्रं बघवत नाहीत हे खरं. उट्रेख्तच्या कॅथरिनकॉन्व्हेंट म्युझियममध्ये हेर्टखेन टोट सिंट यान्स या चित्रकाराचं असंच एक आहे, 15व्या शतकाच्या शेवटचं, त्याचा फोटो बघून मी टॅबच बंद केला होता. जेमतेम पंचवीस सेंटीमीटरचं चित्र आणि त्यात अंगभर रक्त, मरिया, मग्दालिया, देवदूत सगळे इतके दाटीनं की काहीजण कडेला कापलेच गेलेत, आणि तो सरळ आपल्याकडे बघतोय. एवढ्या लहान जागेत एवढी वेदना कोंबायची गरज काय होती? भक्तीला हे लागतं का?

जुनी_वही
पानगळ, तुमचा टॅब बंद करावासा वाटणं मला चुकीचं वाटत नाही, त्या चित्रानं तेच करावं अशीच त्याची रचना आहे, फक्त तेव्हाचा माणूस तिथून उठून जात नव्हता. ही चित्रं भिंतीवर लांबून बघायची नव्हतीच, ती एकट्यानं, अगदी जवळून बघायची होती. 14व्या शतकाच्या शेवटी देवेंटरच्या गेर्ट ग्रोटेपासून जी भक्तीची चळवळ सुरू झाली, देवोतिओ मोदेर्ना, तिचा सगळा भर आतल्या प्रार्थनेवर, येशूच्या आयुष्यातला एकेक क्षण मनात उभा करून त्यात थांबण्यावर. तेव्हाच्या प्रार्थनेच्या पुस्तकांतही तेच, मार किती बसला, काटे कसे रुतले, आई कुठे उभी होती. शेजाऱ्याचं दुःख नुसतं ऐकलं तर आपण हळहळतो आणि कामाला लागतो, त्याच्या खाटेजवळ बसलो तर उठवत नाही, ते बसणं या चित्रांना हवं होतं. मला तर लहान आकार हीच यातली सगळ्यात प्रेमळ गोष्ट वाटते.

बर्मिंगहॅमला पेट्रुस क्रिस्टुस या त्याच काळातल्या चित्रकाराचं याच विषयाचं एक चित्र आहे, साधारण 11 बाय साडेआठ सेंटीमीटर, तळहातावर मावेल एवढं. दोन देवदूत पडदा बाजूला करतायत, एकाच्या हातात लिलीचं फूल, दुसऱ्याच्या हातात तलवार, म्हणजे दया आणि न्याय, आणि मध्ये येशू कुशीतली जखम दाखवतोय. हातात घेऊन बघणाऱ्याला आपण कुठल्या बाजूला हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नसणार.

आता रंगरेषा यांच्या कॉपीच्या प्रश्नाबद्दल. चालायचं, आणि कमीपणाही नव्हता. गिऱ्हाईकाला नवीन कल्पना नको होती, त्याला तोच चेहरा हवा होता ज्याच्यापुढे प्रार्थना होते. खाका ठेवायचे, रेषेवर सुईनं भोकं पाडलेला कागद फळीवर धरून कोळशाची पूड थोपटायची की ठिपक्यांची रेघ उमटते. इन्फ्रारेडखाली रंगाच्या आतले असे ठिपके त्या काळच्या चित्रांत दिसतात. शिवाय सगळी चित्रं ऑर्डर देऊनच होत होती असं नाही, अँटवर्पला 1460 पासून चर्चच्याच आवारात चित्रं विकायचा बाजार होता, तिथे तयार माल मिळायचा. आल्ब्रेख्तनं ल्यूव्हनमध्ये (आजच्या बेल्जियममधलं शहर) वडिलांचा नमुना पुढे किती वर्षं चालवला, आणि तो 1549 पर्यंत जगला, म्हणजे तोवर इटलीत मायकेलअँजेलोचं सिस्टिन चॅपेलमधलं रंगकाम कधीच होऊन गेलं होतं.

पण सगळ्या नकला सारख्या नाहीत हां. आल्ब्रेख्तच्या वर्कशॉपमध्ये रक्ताचे थेंब वाढत गेले, डोळे अजून लाल झाले. मला स्वतःला वडिलांच्या घरची शांतता जास्त लागते, तिथे दुःख गिळलेलं आहे.

रंगरेषा
हे वाचून आज परत दोन्ही चित्रं उघडून बसले. जागा रिकामी ठेवलीय हे कळल्यावर मरियेचं चित्रही वेगळंच दिसलं, ती तिथे बसून जे करतेय तेच बघणाऱ्यानं करायचं आहे ना? मला वाटत होतं ती जोडीला म्हणून आहे.

तैलरंग
हो, बरोबर पकडलंस. आता माद्रिदच्या प्रादोमधलं रोखिर फान डर वेयडनचं क्रूसावरून उतरवण्याचं चित्र मोठं करून बघ, 1443च्या आधीचं, ल्यूव्हनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघासाठी केलेलं, वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत त्यांची छोटी धनुष्यंही आहेत. ते मोठं आहे, माणसं जवळजवळ खऱ्या आकाराची. येशूचा देह खाली येताना जसा वळलाय तशीच खाली कोसळणारी मरिया वळलीय, हात लोंबतोय तोसुद्धा तसाच. आईला मुलाचं दुखणं अंगात शिरलंय हे त्यानं नुसत्या वळणावर सांगितलं. आणि झूम करशील तेव्हा आधी अश्रू बघ, घाई करू नकोस, काही नुकतेच डोळ्यातून निघालेत आणि काही हनुवटीपर्यंत आलेत.