प्रतिसाद: क्लोरोअ‍ॅसिटोनची साठवण

‘डोळ्यांना इतकं झोंबतं की गळती लपतच नाही’ हे क्लोरोअ‍ॅसिटोनबद्दल वर कुणीतरी केलेलं म्हणणं खरं, पण अर्धंच. पहिल्या महायुद्धात अश्रुधूर म्हणून वापरलेलं रसायन ते, डोळ्यांत पाणी आणणारच. पण कातडीतूनही अंगात शिरतं, ते डोळ्यांना कसं कळणार? आणि नायट्राइलच्या (एका कृत्रिम रबराच्या) पातळ हातमोज्यांवर विसंबू नका, हे रसायन किटोन गटातलं, आणि किटोनपुढे ते टिकत नाहीत. ब्युटाइल रबरचे घ्या.

मला खरी धास्ती साठवणीची. ताजा माल पाण्यासारखा रंगहीन, उजेडात ठेवला की पिवळा, मग काळपट. आपोआप पॉलिमरायझेशन, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाणं, सुरू होतं. म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घालून स्थिर केलेला विकतात. आमच्या अंबडच्या युनिटात थायोयुरिया या रसायनाबरोबर थायाझोल (गंधक-नायट्रोजन असलेलं संयुग) करायला तो लागतो. बाटलीच्या तळाची पांढरी भुकटी, म्हणजे हेच कार्बोनेट, नवा पोरगा कचरा समजून गाळायला निघाला होता, सुपरवायझरने वेळीच हात धरला! शेल्फवर दोनेक वर्षं पडलेली बाटली जागा बदलल्यावर काही दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमधली पत्र्याची शेड, आणि माल ज्वलनशील. जुनी, काळवंडलेली बाटली सापडली तर उघडू नका, हलवूही नका. आधी सेफ्टी ऑफिसरला बोलवा.