शब्दचर्चा: सोमालियातला समेट, तह की मनोमिलन?

वळचण

एका मासिकासाठी सोमालियावरच्या लेखाचा अनुवाद करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे राजधानी मोगादिशूतून पळाला. ज्यांनी त्याला हाकललं त्यांच्यातच वर्ष संपायच्या आत जुंपली. एका गटाचा म्होरक्या आयदीद एकीकडे, दुसऱ्याचा अली महदी दुसरीकडे आणि मधोमध शहर चिरलेलं. तेव्हापासून आजवरची बोलणी, करार, परिषदा आणि आता पुढे काय, असा लेखाचा विषय आहे. मी शीर्षक दिलं, 'सोमाली टोळ्यांमधील मनोमिलनाच्या संभावना'. संपादकांनी 'सोमाली' सोडून तिन्ही शब्दांखाली रेघ मारली आणि समासात एकच प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. तुम्ही काय लिहिलं असतं?

लाल पेन

'संभावना' आधी काढा, ती सोपी आहे. हिंदीत तिचा अर्थ शक्यता. मराठीत ती भटजींच्या हातावर ठेवतात, नाहीतर 'भर बैठकीत त्याची चांगलीच संभावना झाली' असं म्हणतात. आजवरच्या परिषदांची गत पाहता दुसरा अर्थही लागू पडेल, पण तुम्हाला तो अभिप्रेत नसावा. 'चिन्हं' घ्या. पावसाची चिन्हं दिसतात, दिसून विरतात. तेवढी अनिश्चितता शब्दात हवीच.

पोपटी शाई

मनोमिलनाबद्दल बोलतो. हा शब्द वर्तमानपत्रांनी साताऱ्याच्या दोन राजांवर इतका वापरला की आता त्याला निवडणुकीचा वास येतो. दोन नेते भेटले, हार घातले, फोटो निघाला, झालं मनोमिलन. कार्यकर्त्यांची डोकी फुटली होती ती कुणी भरून दिली, हे त्या शब्दात येत नाही. 'दिलजमाई'चंही तेच. जुन्या कागदांत दिलजमाई म्हणजे मनाची खातरजमा, समोरच्याला दिलेला दिलासा. आपण तिला गळाभेट करून टाकलंय. माझं मत साध्या 'समेटा'ला.

निवृत्त सुभेदार

ताई, मी १९९३-९४ मध्ये बैदोआला होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपली ब्रिगेड होती, तिच्यातून. शब्दांतलं मला फार कळत नाही, पण एक बैठक डोळ्यांनी पाहिली आहे ती सांगतो.

बाभळीसारखं पसरट झाड. खाली चटया. दोन्हीकडची म्हातारी माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात काठी. बंदूकवाली पोरं लांब उभी, त्यांना चटईवर जागा नाही. आम्ही त्याहून लांब. दुभाषा माझ्याशेजारी. मला वाटलं, आता शांततेवर भाषणं होणार. दोन तास नुसते उंट मोजले. कुणाचे किती मेले, माणूस कोणता, त्याचा बाप कोण, आजा कोण, किती उंट आधी आले, किती बाकी. कुणी आवाज चढवला की एक म्हातारा काठी जमिनीवर टेकवायचा आणि एखादी कविता म्हणायचा. मग पुन्हा मोजणी. मध्ये चहा, इतका गोड की दात आंबावेत. संध्याकाळपर्यंत कुणी कुणाला मिठी मारली नाही. दुभाषा मात्र म्हणाला, आज काम झालं.

त्याला मनोमिलन म्हणवत नाही. मनाचं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. हिशेब मिळाला होता.

मोडीवाला

सुभेदार, तुम्ही चर्चा जागेवर आणलीत. ते जे मोजत होते त्याला सोमालीत 'मग' म्हणतात, अरबीतून आलेला 'दिया' हाही शब्द चालतो. रक्ताची भरपाई. रूढ हिशेब पुरुषाला शंभर उंट, बाईला पन्नास. ही भरपाई खुनी एकटा देत नाही, त्याची सगळी भावकी मिळून देते आणि मेलेल्याची भावकी ती वाटून घेते. ज्या रिवाजाने हे चालतं तो 'हेर'. (आपल्या हेराशी संबंध नाही. तिथला हेर म्हणजे दोन भावक्यांमध्ये ठरलेला कायदा, लिहिलेला नाही पण पाठ असलेला.)

म्हणून 'टोळ्या' हा शब्द मला खटकतो. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी टोळीयुद्ध हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला ती माणसं आणि झाडाखालचे हे म्हातारे एका शब्दात बसत नाहीत. 'कूळ' लिहाल तर कोकणातला वाचक कूळकायदा काढून बसेल. 'कबिला' मुळाला धरून आहे. अरबी 'कबीला' तिकडे 'कबील' झाला, आपल्याकडे कबिला. पण आपल्या कबिल्यात बायकापोरं आणि सामानसुमान येतं, कूच करणाऱ्या फौजेमागचं.

माझ्या मते मराठीत हुबेहूब शब्द आहे: भावकी. एका पुरुषापासून निघालेली माणसं, जी बांधावरून भांडतात, कोर्टात उभी राहतात आणि सुतक मात्र एकत्र पाळतात. सोमालीत अशा पितृवंशाला 'तोल' म्हणतात. गंमत म्हणजे 'तोल' या क्रियापदाचा अर्थ शिवणं. आणि सोयऱ्यांना वेगळा शब्द, 'हिदिद'. भावकी आणि सोयरे, जशीच्या तशी जोडी. (सगेसोयरे हा शब्द हल्ली लिहितानाही जपून लिहावा लागतो, ते जाऊ द्या.)

पोपटी शाई

भावकी मान्य. पण मग आयदीद, अली महदी, मॉर्गन या बंदूकवाल्या म्होरक्यांना काय म्हणायचं? 'युद्धसरदार' वाचलं की मला घोड्यावरचा मानकरी दिसतो. सरदार हा मानाचा शब्द आहे.

मोडीवाला

आपल्याकडे 'पुंडपाळेगार' आहे की. राज्य खिळखिळं झालं की आपापली गढी धरून वसुली करणारे. मोगादिशूच्या बंदरावर आणि विमानतळावर ज्यांनी हेच केलं त्यांना तो शोभतो. सोमाली माणसं स्वतः 'दगाल ओगे' म्हणतात, लढाई पेटवणारा. म्हणजे आपला आगलाव्या. मासिकाला आगलाव्या चालेल का, ते संपादकांना विचारा.

कोथिंबीर

मी पुण्यात डबे देते. तीन वर्षं एक सोमाली मुलगा माझ्याकडे जेवायचा. वरणभाताबरोबर केळं मागायचा, घासाघासाला तोडून खायचा. आधी मला वाटलं शिकरण हवंय. नाही, त्यांच्याकडे भाताशी केळं लागतंच.

दार उघडलं की विचारायचा, 'मा नबद बा, मावशी?' नबद म्हणजे शांती. शांती आहे ना? मी म्हणायची, 'वा नबद.' जिथे तीस वर्षं गोळीबार, तिथे नमस्काराचा शब्द हा. एकदा दूध नासलं म्हणून मी चिडले, तर त्याने फ्रिजवर खडूने म्हण लिहिली: 'नबद इयो आनो, ओल इयो अबार'. शांती आणि दूध, वैर आणि दुष्काळ. आनो म्हणजे दूध. रोमी लिपीत ते 'सी'ने सुरू होतं, मी 'कानो' वाचलं तर हसून लोळला. १९७२ मध्ये त्यांनी रोमी लिपी घेतली तेव्हा घशातल्या उच्चारांना मोकळी राहिलेली अक्षरं लावली, म्हणून 'एक्स' लिहून 'ह' म्हणायचं आणि 'सी' लिहून घशातला 'अ'. वळचणताई, नावं लिहिताना सांभाळा.

माझ्या शब्दांच्या यादीत तुमचा शब्द नाही. पण त्याच्या तोंडी 'हेशीस' असायचा. खोलीच्या भाड्याचा करार तोही हेशीस, आणि रूममेटशी अबोला सुटला तोही हेशीसच.

वळचण

कोथिंबीर, हे फार कामाचं आहे. मूळ लेखात 'दिब उ हेशीसीन' आहे. दिब म्हणजे मागे, पुन्हा. पुन्हा करारावर आणणं, असा काहीसा शब्दशः अर्थ. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले हसन शेख महमूद यांची तेव्हाची घोषणाही त्याच शब्दावर होती: आपसात हेशीस असलेला सोमालिया, जगाशीही हेशीस असलेला. (हे गृहस्थ १९८० च्या दशकात भोपाळला शिकलेले आहेत. हिंदीतली 'संभावना' त्यांना नक्की कळेल.) म्हणजे करार आणि समेट यांत त्यांची भाषा फट ठेवत नाही. आपली ठेवते. मग दोन शब्द वापरू का? हॉटेलांत झाला तो तह, झाडाखाली झाला तो समेट?

मोडीवाला

वापराच. त्या देशाचा सगळा तिढाच त्या फटीत आहे.

तहांची यादी बघा. अदिस अबाबा, मार्च १९९३, पंधरा गटांच्या सह्या. कैरो १९९७. जिबूतीतलं आर्ता २००० साली. केन्यात एल्दोरेत आणि मग म्बगाथी, २००२ ते २००४, दोन वर्षं चालली ती परिषद. पुन्हा जिबूती २००८. यजमान परके, खर्च परक्यांचा, आणि ज्याच्याकडे बंदुका जास्त त्याला खुर्ची आधी. त्यामुळे खुर्ची हवी असेल तर आधी गट काढा, असा धंदाच झाला.

आता उत्तरेला या. १९९१ मध्ये वेगळा झालेल्या सोमालीलँडला तेव्हा जगाने मान्यता दिली नाही तसे परिषदेसाठी पैसेही फारसे दिले नाहीत. बुराओ १९९१, शेख गावची १९९२, मग बोरामा १९९३. बोरामाला दीडशे वडीलधारे चार महिने बसून होते. जेवणखाण स्थानिक लोकांनी आणि परदेशातल्या आप्तांनी उचललं. त्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाला 'गूर्ती' म्हणतात, पुढे तेच वरचं सभागृह झालं. तिथे 'हलय डलय' हे तत्त्व चाललं. शब्दशः 'काल रात्री जन्मलेलं'. आजपासून पाटी कोरी.

लाल पेन

झालं गेलं गंगेला मिळालं!

मोडीवाला

जवळपास. पण आपण हे म्हणून उठतो. ते हे म्हणून बसले, पुढचे चार महिने. आपल्याकडचा जवळचा प्रकार जुन्या गोतसभेचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा. गोत जमायचं, साक्षी व्हायच्या, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून व्हायचा. जिंकलेला हरकी (जिंकल्याची पट्टी) भरायचा, हरलेला गुन्हेगारी (दंड).

मात्र उत्तरेला देवघरात बसवू नका. २०२३ साली लास अनोदमध्ये तोच सोमालीलँड आणि तिथल्या धुलबहांते भावकीचे लोक महिनोन् महिने लढले. त्या भागाचं म्हणणं, तुमच्या कोऱ्या पाटीवर आमची सही नव्हती.

सासुरवाशीण

मघापासून वाचतेय. 'भावकी' सगळ्यांना एवढी आवडली. तिच्यात बाई कुठे आहे? शब्दातच भाऊ आहेत. शंभर उंट आणि पन्नास उंट हे वाचून कुणी थांबलंही नाही. पूर्वीच्या कित्येक समेटांत भरपाई म्हणून मुलगीच दिली जायची, तेही लिहा.

आर्ताच्या परिषदेत जागा भावकीवार वाटल्या जात होत्या. बाईची भावकी कोणती, बापाची की नवऱ्याची? दोन्हीकडचे म्हणणार, दुसऱ्यांकडे माग. तेव्हा आशा हाजी एल्मी आणि बरोबरच्या बायकांनी जाहीर केलं की आम्ही 'सहावं कूळ'. चार मोठी, पाचवा लहानांचा गट आणि सहाव्या आम्ही. संसदेत जागा मिळवल्या. तुमच्या मराठी लेखात ते 'सहावी भावकी' होणार का? मला ते वाचायला आवडेल, पण हसायलाही येईल.

मोडीवाला

बरोबर आहे तुमचं. माझ्या नजरेतून निसटलं. तिथे मी 'सहावं कूळ'च ठेवीन. कूळकायदा आठवला तर आठवू दे, जमीन कसणाऱ्याची हा अर्थ इथे वाईट नाही.

पोपटी शाई

याच आर्तापासून संसदेतल्या जागा वाटायचं ते 'साडेचार'चं सूत्र आलं ना? दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले यांना एकेक वाटा आणि बाकी सगळ्या लहानांना मिळून अर्धा. मराठी वाचकाला अर्ध्याचं काही वाटणार नाही बरं का. आपले मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन, शहाणे साडेतीन, आणि त्यातला अर्धा कोण तर नाना फडणवीस. आपल्याकडे अर्धा हा मान आहे. तिथे किनाऱ्यावरचे बेनादिरी, नदीकाठचे बांटू शेतकरी, मदिबानसारख्या हलक्या मानलेल्या जाती या सगळ्यांना मिळून अर्धी भाकरी. एक ओळ घालून हे फोडून सांगा, नाहीतर वाचक कौतुकाने वाचेल.

निवृत्त सुभेदार

आम्ही होतो ते बैदोआ या दिगिल-मिरिफ्लेंचं. त्यांची बोलीही वेगळी, 'माय'. उरलेल्यांची 'महा'. दोन्हींचा अर्थ 'काय'. म्हणजे भाषेचं नावच 'काय'! एकाच देशातले लोक एकमेकांना 'काय?' विचारतात, असं आमचा दुभाषा हसत सांगायचा.

ताई, शेवटी लेख काय म्हणतो? होईल का त्यांचं?

वळचण

लेख हात राखून बोलतो, सुभेदार. तहाच्या बाजूला २०१२ ची हंगामी घटना, ती बरीच वर्षं हंगामीच राहिली. मार्च २०२४ मध्ये संसदेने तिची काही प्रकरणं बदलली आणि ईशान्येच्या पुंटलँड राज्याने केंद्राला मानणं बंद केलं. त्याच वर्षाअखेर दक्षिणेच्या जुबालँड राज्याशी वाजलं आणि तिथल्या रास काम्बोनीला केंद्राच्या फौजेशी चकमकी झाल्या. प्रत्येक माणसाला एक मत द्यायचं की साडेचारचाच वाटा चालू ठेवायचा, यावर भांडण आहे. आणि अल शबाब ही सशस्त्र इस्लामी संघटना कुठल्याच चटईवर नाही. तिचा एकेकाळचा उपप्रमुख मुख्तार रोबो मात्र २०२२ मध्ये धर्मखात्याचा मंत्री झाला. याला समेट म्हणू की फितुरी की पक्षांतर, हे मी अजून ठरवलेलं नाही.

समेटाच्या बाजूला लहान लहान चटया आहेत. दोन भावक्या, एक विहीर, एक कुरण. त्या सह्या जगाच्या बातम्यांत येत नाहीत, पण अशा बऱ्याच टिकतात.

शीर्षक असं बदललंय: 'सोमालियात तह झाले, समेटाची चिन्हं?' आत भावकी, पुंडपाळेगार, सहावं कूळ. बोलणी सुरू करणाऱ्याबद्दल सोमालीत 'त्याने गोगल अंथरली' म्हणतात. गोगल म्हणजे चटई, अंथरूण. तिथे मी 'बैठक घातली' लिहिलंय. आपल्या बैठकीतही गादी आहे आणि सभाही. पण एकदा तरी मूळ शब्द ठेवावा असं वाटतंय.

लाल पेन

ठेवा. फक्त प्रूफ स्वतः वाचा. छापखान्यात कुणीतरी हमखास दुरुस्त करून 'वडीलधाऱ्यांनी झाडाखाली गॉगल अंथरला' करणार.