आखाजीआधीची (अक्षय्य तृतीयेआधीची) आवराआवर: मुलांची खेळणी त्यांना न विचारता काढावीत का?

पळसफूल, जळगाव
मुलं आजीकडे शिंदखेड्याला गेली होती, तेवढ्यात मी दोन पोती खेळणी भंगारवाल्याला दिली. तासाभरात घर मोकळं. संध्याकाळी धाकटा (वय 6) आला आणि थेट पलंगाखाली शिरला. त्याचा लाल ट्रॅक्टर! मागचं एक चाक गेलेलं, स्टिअरिंगच्या जागी पेनाची रिफिल खोचलेली. वर्षभरात त्यानं त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. सारंगखेड्याच्या यात्रेत आजोबांनी घेऊन दिलेला, हे मीच विसरले. तो रडला नाही. पण आता रोज झोपण्याआधी उरलेली खेळणी मोजतो.

म्हणून मत बदललंय. पसारा कमी करायचाच, पण पोरांच्या हातानं. आठवड्याला एक खोकं. काय टाकायचं ते विचारायचं नाही, काय ठेवायचं ते विचारायचं. बाकीचं महिनाभर माळ्यावर.

दोनखोली, भुसावळ
पटलं नाही. सहा वर्षांच्या पोराला विचाराल तर तो चॉकलेटचा कागदही ठेवेल. मे महिन्यात पारा 45 वर, लाईट गेलेली, आणि पायाखाली ठोकळे. ते उचलतं कोण? 2018 साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा 36 लहानग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. समोर 16 ऐवजी 4 खेळणी असली तर एकेका खेळण्यात ती जास्त वेळ रमली. मग उरलेल्या बारांसाठी संमती कसली?

पळसफूल
ती दीड ते अडीच वर्षांची बाळं होती हो. आणि ती बारा खेळणी कुणी भंगारात नव्हती घातली!

तापीकाठ, शिरपूर
मोजक्याच वस्तूंत राहायचं, हे मिनिमलिझमच मला खूळ वाटतं. आमची आजी म्हणायची, "टाकू नको, कामले ई." आणि खरंच यायचं. जुनं सुती लुगडं आधी बिबडे-कुरडया वाळवायला, विरलं की गोधडीत, उरल्या चिंध्या पोतेऱ्याला. बाळाचं पहिलं अंगडंसुद्धा जुन्या लुगड्याचं, कारण मऊ. आता काय, आधी कपाट रिकामं करून फोटो काढायचा, मग त्यात ठेवायला बांबूचे डबे ऑनलाइन मागवायचे. पसारा दारातून आत येतो, तिथेच अडवा ना. वाढदिवसाची रिटर्न गिफ्टं बंद करा, अर्धं काम झालं.

दोनखोली
लुगडं कामाला येतं, कबूल. बॅटरी संपलेला रोबोट कसा कामले ई? आणि तुमच्याकडे गच्ची आहे, माळा आहे. आमच्या सासूबाईंनी आहेरात आलेली स्टीलची 11 पातेली खोक्यासकट जपलीत. दर लग्नात एक बाहेर जातं, दोन आत येतात.

रिटर्न गिफ्टांचं मात्र सोळा आणे खरं.

डोंगरशाळा, धडगाव
दोघांनाही थोडं कडू वाटेल. शहरातून आमच्या पाड्यांवर 'दान' म्हणून पोती येतात. मागच्या पोत्यात हात नसलेली बाहुली, सेल गळून गंजलेली गाडी, अर्धी रंगवलेली चित्रांची वही. मुलांनी ती बाहुली उलटी-पालटी केली आणि मला विचारलं, "सर, हात कुठंय?" मन मोकळं तुमचं झालं, कचरा आमच्या व्हरांड्यात आला. इकडे रोज भंगारवालाही फिरत नाही.

द्यायचं तर धड द्या. गोष्टीची पुस्तकं द्या, कॅरम असेल तर सोंगट्या मोजून द्या. मोडकं तुमच्याच भंगारात घाला. जळगावच्या एमआयडीसीत जुन्या प्लॅस्टिकच्या चटया होतात. सगळंच प्लॅस्टिक त्यात चालत नाही, पण निदान सेल, मोटर, स्क्रू काढून तर द्याल?

तापीकाठ
सर, चूक मान्य. आम्हीही मागे एक पोतं पाठवलं होतं. सोंगट्या मोजल्या नव्हत्या.

पळसफूल
काल पहिलं खोकं उघडलं. थोरलीनं (वय 9) तीन वस्तू ठेवल्या आणि रिटर्न गिफ्टमधले सात कंपास स्वतःहून बाजूला काढले. न वापरलेले आहेत, धडगावला चालतील का सर? धाकट्यानं पोळ्याचा मातीचा बैल ठेवला, एक शिंग तुटलेला. दोन तास गेले, कमी झालं जेमतेम पाव खोकं. दोनखोलीताई, तुमचा मुद्दा तेव्हा फार पटला.

भंगारवाल्याकडेही जाऊन आले. पोती पुढे गेली होती. माझा चेहरा बघून त्यानं ढिगातून दुसरा ट्रॅक्टर काढून दिला, चारही चाकं असलेला. धाकट्यानं तो फिरवून पाहिला, "हा माझा नाही" म्हणाला, आणि सरळ माळ्यावर जायच्या खोक्यात टाकला.